ऑटो रिडायल लावूनही फोन लागत नाही : कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

"ऑटो रिडायलचं ॲप टाकलं, पण ते चालतच नाही." कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळींच्या फोनच्या अडचणी माझ्याकडे येतात, आणि त्यांत ही तक्रार सतत असते. ऑटो रिडायल म्हणजे लाईन एंगेज मिळाली की तोच नंबर आपोआप पुन्हा लावणं. नंबरही साधारण तेच असतात. डोळ्यांच्या दवाखान्याची ओपीडी, गॅस एजन्सी, नातवाच्या शाळेचं ऑफिस, नाहीतर बँकेची शाखा. सकाळी अमुक वाजता लाईन सुरू होते, सगळे एकदम फोन लावतात आणि अर्ध्या तासात त्या दिवसाचे नंबर संपतात. ज्यांना रिक्षा करून तिथे जाऊन रांगेत उभं राहणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा फोन लागणं ही चैन नाही, गरज आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

ॲप बिघडलेलं असतं असं क्वचितच आढळतं. रिडायल एकाच अडचणीवर चालतं : समोरची लाईन खरोखर एंगेज असणं. फोन न लागण्याची बाकीची कारणं वेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि काहींत तर पुन्हापुन्हा डायल केल्याने अडचण वाढते. त्यामुळे सेटिंगमध्ये शिरण्याआधी एक काम करा. फोन स्पीकरवर टाकून तो नंबर हाताने लावा आणि शेवटपर्यंत ऐका. "टूं" आलं की कट करायची सवय आपल्याला लागली आहे, आणि नेमकी खरी माहिती त्या पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत असते.

काय ऐकू येतं?

०२० ने सुरू होणारा, म्हणजे पुण्याचा लँडलाईन नंबर असेल, तर संथ "टूं… टूं…" म्हणजे लाईन एंगेज. तोच आवाज भरभर, तुटक आला तर लाईन एंगेज नाही, मधल्या एक्सचेंजमध्ये जागा नाही. दोन्ही आवाजांचा सूर एकच असल्यामुळे बहुतेकांना फरक कळत नाही. वेगाकडे लक्ष द्या. पहिल्या प्रकारात रिडायल करायला हरकत नाही. दुसऱ्यात पाच-दहा मिनिटं थांबलेलं बरं.

मोबाईल नंबर असेल तर घोषणा ऐकू येते. "या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत" याचा समोरच्या माणसाशी काही संबंध नाही. तो मोकळा बसलेला असू शकतो. अडथळा नेटवर्कमध्ये आहे.

"आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या दुसऱ्या कॉलवर आहे" ही घोषणा सगळ्यांत जास्त चकवते. समोरच्याकडे कॉल वेटिंग सुरू आहे, त्याच्या कानात बीप वाजतेय आणि नेटवर्कच्या दृष्टीने तुमची रिंग जाते आहे. म्हणजे हा कॉल "एंगेज" म्हणून संपतच नाही, "उचलला नाही" म्हणून संपतो. जी रिडायलची सोय फक्त एंगेज लाईनसाठी असते, ती अशा वेळी गप्प राहते, आणि वापरणाऱ्याला वाटतं ॲप बंद पडलं.

रिंग पूर्ण जाऊन कॉल तुटला, तर तो कुणी कट केला असं लगेच समजू नका. १ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, रिंगची मुदत ठरवून दिली : न उचललेल्या कॉलला मोबाईलवर ३० सेकंद, लँडलाईनवर ६० सेकंद. तेवढी रिंग गेली की नेटवर्कच कॉल सोडतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना आतल्या खोलीतून फोनपर्यंत पोचायला ३० सेकंद पुरत नाहीत. अशा वेळी लगेच दुसरा कॉल करणं उपयोगी पडतं, कारण एव्हाना त्या फोनजवळ आलेल्या असतात.

"स्विच ऑफ आहे" आणि "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" या दोन घोषणांत फरक आहे. फोन नीट बंद केला तर तो बंद होताना नेटवर्कला तसं कळवतो. रेंज गेली किंवा बॅटरी काढली तर कळवत नाही, मग नेटवर्क त्याला शोधत राहतं आणि उत्तर न आल्यावर दुसरी घोषणा वाजते. सगळी नेटवर्कं हा भेद सारखाच पाळतात असं नाही, पण अंदाज बांधायला पुरतो. माणूस सिंहगडाच्या पायथ्याला, कात्रजच्या बोगद्यात किंवा एखाद्या मॉलच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये असेल, तर दर मिनिटाला डायल करून काहीच साधत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एकदा लावा, नाहीतर सरळ एसएमएस टाका. त्याचा फोन रेंजमध्ये आला की एसएमएस आपोआप पोचतो. बऱ्याच नेटवर्कांवर मिस्ड कॉल अलर्ट असतो, त्यामुळे तुम्ही फोन केल्याचंही त्याला कळतं.

"कृपया नंबर तपासून पाहा" असं आलं तर रिडायल पूर्ण थांबवा. लँडलाईनवरून मोबाईलला फोन करत असाल तर आधी ० लावलाय का बघा; १५ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. घरच्या जुन्या फोनच्या मेमरीत ० शिवाय साठवलेले नंबर अजूनही असतात, आणि आजोबा तेच एक बटण दाबत राहतात.

काहीच ऐकू न येता कॉल तुटला तर अडचण बहुधा तुमच्याकडे आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

या घोषणांमागे नेटवर्कची स्वतःची कारणांची यादी असते. प्रत्येक फसलेल्या कॉलला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवलेला एक आकडा मिळतो : १७ म्हणजे समोरचा व्यस्त, १९ म्हणजे रिंग गेली पण उचलला नाही, ३४ म्हणजे मार्गात जागा नाही, १ म्हणजे असा नंबरच कुणाला दिलेला नाही. व्होल्टी कॉलमध्ये, म्हणजे थेट फोरजीवरून होणाऱ्या कॉलमध्ये, आकडे वेगळे, तिथे व्यस्तसाठी ४८६ येतो. फोनच्या आत बसवलेली रिडायलची सोय हे आकडे वाचते. बाहेरून टाकलेल्या ॲपला बहुतेक वेळा ते दिसतच नाहीत, आणि बोलणं झाल्यावरही पुन्हा फोन जातो या पुढच्या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

ॲप एकदाच डायल करून थांबतं

दवाखान्यांच्या बाबतीत पहिलं कारण आयव्हीआर, म्हणजे फोन उचलून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारी यंत्रणा. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा" हे तुम्हाला व्यस्त वाटतं, पण नेटवर्कच्या लेखी तो कॉल उचलला गेलेला असतो. यशस्वी कॉलला रिडायल कोण करणार? अशा नंबरला ऑटो रिडायल लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रांगेत थांबा, स्पीकर चालू ठेवून दुसरं काम करा. कट करून पुन्हा लावलात तर बऱ्याच ठिकाणी रांगेत शेवटी जाता. शिवाय हे कॉल उचललेले धरले जात असल्याने ज्यांचा अमर्याद कॉलचा पॅक नाही त्यांचे पैसेही जातात.

दुसरं कारण दोन सिम. "कोणत्या सिमवरून?" ही खिडकी दर वेळी उघडत असेल, तर ॲप तिथेच अडकतं. फोनच्या सिम सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून द्या. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त फोन या एका बदलाने मार्गी लागतात.

तिसरं कारण बॅटरी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्क्रीन बंद असताना फोन मागे चाललेल्या ॲप्सना झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या पर्यायात "अनिर्बंध" निवडा. अँड्रॉइड १० मध्ये आणखी एक बंधन आलं : मागे चाललेलं ॲप स्वतःहून पडद्यावर खिडकी उघडू शकत नाही. म्हणून रिडायल चालू असताना ॲप समोर उघडं ठेवा आणि स्क्रीन बंद होऊ देऊ नका. व्हॉट्सॲप बघायला गेलात की रिडायल थांबू शकतं.

आयफोनवाल्यांना सांगायचं तर, तिथे कोणतंही ॲप तुमच्या बोटाशिवाय साधा कॉल लावू शकत नाही. ॲप स्टोअरवर "आपोआप रिडायल" म्हणून जे काही दिसेल त्यात दर वेळी तुम्हालाच दाबावं लागणार, त्याला पैसे मोजू नका.

बोलणं झाल्यावर पुन्हा त्याच नंबरला फोन जातो

हा प्रकार मनस्ताप देणारा आहे. वेळ मिळाली, आभार मानून फोन ठेवला आणि दहा सेकंदांत रिसेप्शनिस्टच्या टेबलावर पुन्हा तुमचीच रिंग. तिकडे दहा माणसं समोर उभी असतात.

अँड्रॉइडवर साध्या ॲपला कॉलच्या तीनच अवस्था कळतात : फोन मोकळा आहे, तुम्हाला आलेल्या फोनची रिंग वाजते आहे, किंवा लाईन वापरात आहे. तुम्ही डायल केल्या क्षणी "लाईन वापरात" सुरू होतं. समोरच्याने उचलला का, हे त्यातून समजत नाही. पूर्वी ही ॲप्स कॉल संपल्यावर कॉल लॉगमध्ये, म्हणजे फोनमधल्या कॉलच्या नोंदींत, डोकावून बोलण्याचा कालावधी शून्य आहे का ते पाहायची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने प्ले स्टोअरचं धोरण बदललं आणि कॉल लॉग वाचायची परवानगी मुख्यतः फोनचं मूळ डायलर, म्हणजे कॉल लावायचं मुख्य ॲप, म्हणून काम करणाऱ्या ॲप्सपुरती ठेवली. लोकांच्या खासगीपणासाठी तो निर्णय योग्यच होता, पण रिडायल ॲप्सचे डोळे त्यात गेले. आता त्यांतली बरीच फक्त घड्याळ बघतात.

त्यामुळे ॲपमध्ये "अमुक सेकंदांपेक्षा जास्त चाललेला कॉल यशस्वी धरा" असा पर्याय आहे का ते शोधा. असेल तर तिथे ४५ च्या आसपास ठेवा. रिंगची मुदत ३० सेकंदांची, शिवाय जोडणीला लागणारे काही सेकंद, त्यामुळे मोबाईलवर त्याहून लांब चाललेला कॉल बहुधा उचललेलाच असतो. लँडलाईनला रिंग ६० सेकंद जाते, तिथे ७५ ठेवा. असा पर्याय नसेल, तर समोरून "हॅलो" आल्याबरोबर ॲपमधलं थांबवायचं बटण आधी दाबा, मग बोला.

दुसरं ॲप मूळ डायलर म्हणून बसवलं तर त्याला सगळं दिसतं, हे खरं. पण मग तुमचा प्रत्येक कॉल, प्रत्येक संपर्क त्याच्या हातात जातो. एका ओपीडीच्या वेळेसाठी एखाद्या अनोळखी कंपनीला हे द्यावं असं मला वाटत नाही, आणि आईवडिलांच्या फोनवर तर मुळीच नाही.

किती अंतराने डायल व्हावं

जीएसएमचे, म्हणजे मोबाईल नेटवर्कच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, नियम लिहिणाऱ्यांनी याचा विचार फार आधी करून ठेवला आहे. फोन स्वतःहून पुन्हा डायल करणार असेल तर पहिल्या प्रयत्नाआधी किमान ५ सेकंद, पुढच्या तीन प्रयत्नांआधी किमान १-१ मिनिट, आणि पाचव्यापासून दर वेळी किमान ३ मिनिटं थांबावं लागतं. एकूण प्रयत्न १० च. सगळे मिळून २१ मिनिटांहून जास्त होतात. ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. जुन्या नोकियाच्या कॉल सेटिंगमध्ये ऑटो रिडायल असायचं आणि तेही दहा वेळा प्रयत्न करून थांबायचं. "दोनदा वाजला आणि मग गप्पच बसला" असं म्हणणाऱ्या काकांचा फोन बिघडलेला नसतो, तो मिनिटभर थांबलेला असतो. हातात धरून वाट बघावी लागते, इतकंच.

हा नियम आपोआप होणाऱ्या डायलसाठी आहे, माणसाने दाबलेल्या बटणासाठी नाही. ॲप्स माणसासारखंच डायल करतात, म्हणून दोन-दोन सेकंदांचं अंतरही ठेवू देतात. ते ठेवू नका. दवाखान्याच्या एका लाईनवर वीस जण दोन सेकंदांनी आदळत असतील तर रिसेप्शनिस्टला पेशंटशी बोलून बाहेर फोन लावायलासुद्धा लाईन मोकळी मिळत नाही. सकाळच्या ओपीडीला मी २० ते ३० सेकंदांचं अंतर ठेवते. एक पेशंट नाव, वय, वेळ सांगून संपायला साधारण मिनिटभर लागतं, त्यामुळे यात फारसं काही हुकत नाही.

घरच्या माणसांना रिडायल लावताना आणखी एक लक्षात ठेवा. फोन "डू नॉट डिस्टर्ब" वर असला तरी पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याची सोय त्यात असते : आयफोनवर ३ मिनिटांच्या आत त्याच माणसाचा दुसरा कॉल आला तर, अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत आला तर. निकड असेल तेव्हा ही सोय मोलाची आहे. पण रात्रपाळी करून हिंजवडीहून आलेली मुलगी सकाळी झोपली असेल, तर "सहज" लावलेलं रिडायल तिला नक्की उठवणार.

विसर्जन, पालखी आणि गर्दीतला फोन

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर उभं राहून फोन लावून पाहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. चारही काड्या रेंज दिसते आणि तरी फोन लागत नाही. पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हाही तेच.

काड्या दाखवतात टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्या सांगत नाहीत. कॉल सुरू करण्यासाठी फोनला आधी टॉवरकडे एक छोटी विनंती पाठवावी लागते, आणि ही विनंती सगळे फोन एकाच सामायिक वाटेवर पाठवतात. वर्गात सगळ्या मुलांनी एकदम "बाई, बाई" ओरडावं तशी तिथे गत होते. दोन विनंत्या एकमेकींवर आदळल्या की दोन्ही वाया जातात. रिडायल लावलेला प्रत्येक फोन त्या गोंगाटात भर घालतो. तुमच्यासाठीही आणि त्या गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या कुणासाठी ॲम्ब्युलन्स बोलवणाऱ्यासाठीही. म्हणून मिरवणुकीत ऑटो रिडायल पूर्ण बंद ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्याऐवजी एसएमएस करा. त्याला कॉलसारखी सलग जागा अडवून ठेवावी लागत नाही आणि तो उशिरा का होईना पोचतो. किंवा चालत बाजूच्या गल्लीत जा. अलका टॉकीज चौकातून नदीपात्राच्या बाजूला थोडं सरकलात तरी फोन दुसरा टॉवर पकडू शकतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे घरूनच ठरवून निघा.

११२ किंवा १०८ ला मात्र रिडायल वगैरे काही नाही. लागला की धरून ठेवा, कट करू नका.

स्वतःच्याच फोनला रेंज नसेल तर

पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, सोसायट्यांची तळघरातली पार्किंग, पौडच्या दिशेला टेकडीआड गेलेली घरं. अशा ठिकाणी कॉल बाहेरच पडत नाही आणि ॲप बिचारं डायल करत राहतं. एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा. डिसेंबर २०१९ पासून ही सोय आपल्याकडे येऊ लागली, तिला वेगळे पैसे पडत नाहीत आणि वेगळं ॲप लागत नाही. सदाशिव पेठेतल्या एका आजींच्या तळमजल्यावरच्या खोलीत रिडायलने जे झालं नाही ते या एका बटणाने झालं.

नेटवर्कनेच परत फोन करावा, असं नाही का?

आहे. जीएसएमच्या नियमांत अशी सेवा लिहिलेली आहे : समोरची लाईन एंगेज मिळाली की तुम्ही नोंद करायची, लाईन मोकळी झाल्यावर नेटवर्क तुम्हाला रिंग देतं आणि तुम्ही उचलल्यावर कॉल जोडून देतं. कुणी कुणाला सारखं डायल करायची गरजच उरत नाही. पण दोन्ही बाजूंच्या नेटवर्कांनी ती चालवावी लागते. त्यातून आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर कॉल वेटिंग असल्याने खरी एंगेज लाईन मोबाईलवर मिळतेच कमी. ओपीडीच्या लँडलाईनसारख्या ठिकाणी ही सेवा सगळ्यांत उपयोगी पडली असती, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुम्हाला येणारे फोन लोकांना सतत एंगेज मिळत असतील तर तुमच्याकडचं कॉल वेटिंग तपासा. *#४३# डायल केलं की ते चालू आहे का दिसतं, *४३# ने चालू होतं. काही फोरजी नेटवर्कांवर हे कोड चालत नाहीत, तिथे कॉलच्या सेटिंगमधून करा. कुणी फोन करून "रेंज सुधारते, *४०१# लावून हा नंबर डायल करा" असं सांगितलं तर चुकूनही करू नका. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळवले जातात आणि ओटीपी चोरले जातात. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवरून कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली.

एकाच ठिकाणाहून, कोणत्याही नंबरला, रोज "सर्व लाईन्स व्यस्त" येत असेल तर दोष नेटवर्कचा आहे. वेळ, जागा आणि ऐकू आलेली घोषणा कागदावर लिहून ठेवा आणि १९८ वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. तो दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. समाधान झालं नाही तर त्याच तक्रार क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तिथे तो वेळा लिहिलेला कागद उपयोगी पडतो.